चार चाकांचा करारनामा

कणकवलीकडून आचऱ्याला उतरणारा रस्ता ज्याने एकदा तरी सावकाश, जागोजाग थांबत आणि खाली उतरून भुईला हात लावत केला असेल, त्याला ‘जमीन’ हा शब्द एकवचनी वापरण्याचे धाडस पुन्हा होणार नाही. निघताना चाकाखाली डांबर असते. सड्यावर आले की तेच चाक जांभ्याच्या उघड्या, खडबडीत पाठीवरून चालू लागते. मृगाच्या चार सरी कोसळल्या की त्याच सड्याच्या उतरणीवरची तांबडी माती साबण फासल्यासारखी निसरडी होते. खाली मळ्यात यावे, तर तरवा लावण्यासाठी नांगरलेल्या कुणग्याचा चिखल पाय धरून ठेवतो. आणि माडांच्या बागांमधून पिरावाडीच्या अंगाने किनाऱ्यावर यावे, तो पुढे पुळणीची रेव, ओहोटीने नुकत्याच सोडलेल्या पट्ट्यात फरशीसारखी घट्ट, आणि तिथून वीस पावले वर, ऊन खाऊन सुकलेली, पिठासारखी भुसभुशीत. एका गावाच्या शिवेत भुईची इतकी रूपे नांदत असताना त्या सर्वांवरून एकाच रीतीने गाडी हाकणे म्हणजे मामलेदाराने सगळ्या गावांची जमाबंदी एकाच दराने ठरवण्यासारखे आहे. कागदावर ते सोयीचे दिसते, प्रत्यक्षात वसूल होत नाही.

चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्या, त्यांतील निरनिराळ्या योजना, आणि कोणती योजना कोठे अंमलात आणावी याचे विवेचन, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. तिचे कर्ते आचऱ्यातील एक वृद्ध चालक असून, आयुष्याची पन्नासेक वर्षे त्यांनी जीपच्या चाकामागे आणि त्याहून अधिक तास जीपच्या पोटाखाली घालवलेले आहेत. आपले नाव छापू नये, असा त्यांचा आग्रह; ‘नाव गाडीचे असते, ड्रायवराचे नसते’ हे त्यांचे उत्तर. अशा मनुष्याने लेखणी हाती धरावी याला कारणही तसेच घडले. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याहून सणासुदीला गावी येणाऱ्या मंडळींच्या खळ्यात अशा गाड्या दिसू लागल्या. त्यांच्या दांड्यांवर आणि बटणांवर ‘२एच’, ‘४एच’, ‘४एल’, ‘ऑटो’, ‘लॉक’ अशी अक्षरे कोरलेली. पण त्या अक्षरांचा अर्थ विचारला, तर दहांतील आठ मालकांकडून ‘फोर बाय फोर आहे, कुठेही जाते’ एवढेच उत्तर मिळे, आणि त्यांपैकी निदान दोघांना त्याच आठवड्यात टोचन लावून बाहेर काढण्याची पाळी आमच्या ग्रंथकर्त्यावर येई. ‘कुठेही जाते’ या दोन शब्दांतील गैरसमज दूर व्हावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

कोकणच्या या पट्टीत चाकाचे राज्य फार जुने नाही. माल आणि माणसे येत ती गलबतांतून, मचव्यांतून, पुढे आगबोटींतून. बंदरातून आत जायचे ते डोक्यावर बोजा घेऊन, पायवाटेने, घाटीने आणि व्हाळ ओलांडून. चढ-उतार, ओढे-खाड्या आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस, अशा तिहेरी बंदोबस्तामुळे चाकाला इथे सहजी शिरकाव मिळाला नाही. हा बंदोबस्त ज्या वाहनाने प्रथम भेदला ते युद्धभूमीवर जन्मलेले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. आणि आपल्याकडे १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रांच्या पेढीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत त्याच विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सरकारी कचेऱ्या, पाटबंधारे, जंगलखाते आणि पोलीस यांच्या दिमतीस या गाड्या आल्या. निवृत्त होऊन लिलावात निघाल्या, की चिरेखाणीवर, आंब्याच्या बागेत आणि मासळीच्या वाहतुकीत त्यांची दुसरी नोकरी सुरू होई. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली, २०१० साली नाशिकच्या कारखान्यातून थार बाहेर पडली, २०२० साली तिने नवे रूप घेतले आणि २०२३ साली जिम्नी अवतरली. तरीही चालकाच्या पायाजवळच्या दोन आखूड दांड्यांनी त्या पहिल्या जीपने जी व्याकरणाची पाटी शिकवली, तिच्यातील विभक्तिप्रत्यय आजतागायत फारसे बदललेले नाहीत.

ते व्याकरण समजण्यासाठी प्रथम बैलगाडीकडे जावे लागते. बैलगाडीचे चाक आसाभोवती आपापले फिरते. वळणावर आतल्या चाकाला थोडे आणि बाहेरच्याला अधिक अंतर तोडावे लागते. पण तुंब्यात वंगण असले की हा हिशेब चाके परस्पर मिटवतात आणि गाडीवानाला त्याची वार्ताही नसते, कारण ओढणारे बैल पुढे असून चाकांकडे केवळ वाहण्याचे काम असते. मोटारीत हा न्याय पालटला. तिथे चाकच बैल झाले. आता दोन चाकांना एका दांड्याने जखडून फिरवावे, तर वळणावर एकाला घासत जाणे भाग पडते. आणि त्यांना मोकळे सोडावे, तर शक्ती पोहोचवायची कशी? या पेचावर १८२० च्या दशकात पेकर नावाच्या एका फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची जी युक्ती योजली, तीच आजचा डिफरन्शियल होय. आसाच्या मधोमध फुगलेल्या त्या लोखंडी घटात चार-पाच चाक्या एकमेकींत दात रोवून बसलेल्या असतात, आणि डाव्या-उजव्या चाकांना सारखीच ओढ देऊनही त्यांना भिन्न गतीने फिरण्याची मुभा त्या देतात.

या मुभेत एक भोळेपणा दडलेला आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना समान ओढ देतो. पण ती समानता नेहमी दुबळ्याच्या पातळीवर ठरते. एक चाक शेवाळावर असेल आणि ते ज्या क्षीण जोराने गरगर फिरू शकते, तेवढाच जोर दुसऱ्या, कातळावर भक्कम उभ्या असलेल्या चाकाला मिळतो. वाटणी समान, परंतु तिचे प्रमाण ठरवणारा भागीदार दिवाळखोर. मग व्यवहार बुडणार नाही तर काय होईल? चार चाकी ओढीची सर्व कथा, तिचे सर्व दांडे आणि सर्व बटणे, या एका भोळेपणावरच्या उपाययोजना आहेत. आणि प्रत्येक उपायात चाकाच्या स्वातंत्र्याचा काही अंश काढून घेऊन तो चाकांच्या एकजुटीच्या खाती जमा केला जातो. म्हणून या योजनांकडे बळाची पायरी म्हणून न पाहता करारनामे म्हणून पाहावे, अशी माझी वाचकांस विनंती आहे. करारात काय द्यावे लागते, काय मिळते आणि मुदत केव्हा संपते, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला येतात, त्याला या पुस्तिकेचा गाभा उमगला.

पहिली योजना ‘२एच’. हीत करार नाही. मागचा आस ओढतो, पुढचा केवळ दिशा दाखवतो. डांबरी रस्ता, सुका सडा, बाजारपेठ, घाट, म्हणजे आयुष्यातील बहुतेक सर्व प्रवास याच योजनेत करावयाचा असतो, आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

दुसरी ‘४एच’. दांडा ओढताच ट्रान्सफर केस नावाची मधली पेटी पुढच्या शाफ्टला मागच्या शाफ्टशी जोडते, आणि त्या क्षणापासून पुढचा व मागचा आस यांना एकाच गतीने फिरणे बंधनकारक होते. हे बंधन किती कडक असते याचा एक हिशेब मी स्वतः करून पाहिला, तो येथे देतो. थारच्या दोन आसांत २.४५ मीटर अंतर आहे. तिचा मागचा आस ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून एक पूर्ण फेरी करून आणला, तर त्याचा मध्यबिंदू ३१.४ मीटर चालतो. पुढच्या आसाचा मध्यबिंदू मात्र थोड्या मोठ्या वर्तुळावरून जात असल्यामुळे ३५ मीटर चालतो. फरक ३.६ मीटरांचा, म्हणजे त्या गाडीच्या चाकाचा जवळजवळ दीड फेरा. पुढचा आस हा दीड फेरा मागतो आणि करार तो देत नाही. रेव किंवा चिखल असेल, तर टायर किंचित घसरून ही तूट भरून काढतात. कोरडे डांबर मात्र टायरला घसरू देत नाही; मग तो फरक शाफ्टमध्ये, त्याच्या सांध्यातील क्रॉसमध्ये आणि दात्यांमध्ये पीळ होऊन साठतो. स्टिअरिंग जड होते, वळताना गाडी कोणी मागून धरल्यासारखी अडखळते, टायर कण्हतात, आणि दांडा परत ढकलू गेल्यास तो हलत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण सुंभाची आहे. गाडीचा पीळ मात्र चार-सहा हात सरळ मागे घेतल्यावर बहुधा निघून जातो आणि दांडा मुकाट्याने जागेवर येतो. तो तसा न काढता मैलोगणती कोरड्या रस्त्यावर हाकत राहणाऱ्यास पुढचा हिशेब गॅरेजवाला समजावून देतो.

‘४एच’ची जागा म्हणजे सैल, ओली, निसटती भुई : पावसाळ्यातील तांबड्या मातीची पाणंद, सड्यावरची सुटी खडी, शेतातली वाट आणि रेव. पावसात भिजलेला डांबरी रस्ता हा चिखल नव्हे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. तिथे वेग कमी करणे हाच उपाय. आणखी एक गोष्ट ग्रंथकर्त्यांनी तीनदा लिहिली आहे, म्हणून मी ती एकदा लिहितो : ही योजना रुतण्यापूर्वी लावायची असते. आगोटीची बेगमी मृगापूर्वी करतात, छपरातून पाणी गळू लागल्यावर नव्हे.

तिसरी ‘४एल’. येथे एकजूट तीच, परंतु मधल्या पेटीतील दात्यांची दुसरी जोडी कामास लागून चाकाची गती घटते आणि त्याच प्रमाणात ओढ वाढते. जिम्नीत सुमारे दुप्पट, थारमध्ये सुमारे अडीचपट. पुष्कळांची समजूत अशी की हा केवळ चढाचा गियर. वस्तुतः त्याचे अधिक मोलाचे काम उतारावर आहे. चिरेखाणीच्या उभ्या, ओल्या उतरणीवर ब्रेक दाबला की चाक थांबते पण गाडी थांबत नाही, ती घसरत राहते. तीच गाडी ‘४एल’मध्ये पहिल्या गियरला टाकून, क्लचवरून आणि ब्रेकवरून पाय काढून सोडली, तर इंजिनच तिला लगाम घालते आणि ती म्हाताऱ्या बैलासारखी पाऊल मोजीत खाली उतरते. हा दांडा गाडी थांबवून, किंवा जवळजवळ थांबवून, क्लच दाबून टाकायचा असतो. जुन्या जीपमध्ये पुढचा आस जोडल्यावाचून लो गियर पडतच नसे, आणि त्यामागे शहाणपण होते : एवढी वाढलेली ओढ एकट्या मागच्या आसाच्या माथी मारू नये. कित्येक गाड्यांत ‘एच’ आणि ‘एल’ यांच्यामध्ये ‘एन’ असा एक मुक्काम असतो, त्याविषयी सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. त्या जागी दांडा असताना मुख्य गियर टाकलेला असला तरी चाकांचा इंजिनशी संबंध तुटलेला असतो. उतारावर हँडब्रेकवाचून ठेवलेली अशी गाडी परस्पर चालती होते.

चौथा करार सर्वांत कडक. डिफरन्शियल लॉक एकाच आसाच्या डाव्या-उजव्या चाकांना जखडून टाकतो, म्हणजे ज्या मुभेसाठी पेकरने ती युक्ती काढली, ती मुभाच तात्पुरती रद्द करतो. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत पुढे आणि मागे, दोन्ही आसांवर अशी कुलपे आहेत. एक चाक खड्ड्यात लोंबकळत असेल आणि दुसऱ्याला कातळ मिळालेला असेल, तेव्हा हे कुलूप लावावे, सरळ रेषेत पाच-दहा मीटर पुढे यावे आणि लगेच काढावे. पुढच्या आसाला कुलूप असताना गाडी वळण्यास चक्क नकार देते. ज्या गाड्यांत कुलूप नाही, त्यांतील बऱ्याच आता गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ओढ दुसऱ्या चाकाकडे वळवतात. दिवाळखोर भागीदाराच्या पदरात बळेच थोडे भांडवल टाकण्याचाच हा प्रकार. खोल रेवेत मात्र हीच यंत्रणा इंजिनचा जोर नको तेव्हा कापते, म्हणून तिथे ती बंद करण्याचे बटण कोठे आहे ते आधीच पाहून ठेवावे.

राहिली ती ‘ऑटो’ आणि सदासर्वकाळ चार चाकी ओढ असलेल्या गाड्यांची गोष्ट. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरमध्ये पुढच्या-मागच्या आसांच्या मध्येच तिसरा डिफरन्शियल बसवला होता. त्यामुळे तो दीड फेऱ्याचा तंटा डांबरावर उद्भवतच नाही, आणि गरज पडल्यास मधले कुलूप लावून तोच जुना कडक करार अंमलात आणता येतो. लहान गाड्यांतील ‘ऑटो’ याहून निराळी. पुढची चाके घसरू लागली की क्लचच्या चकत्यांची एक जुडी मागच्या आसाला हळूहळू जोडून घेते. पावसाळी रस्त्याला ती उत्तम. परंतु भुसभुशीत रेवेत दीर्घकाळ राबवली तर तापते आणि ऐन वेळी रजा मागते. अलीकडच्या गाड्यांतील ‘रेव’, ‘चिखल’, ‘खडी’ अशा नावांची बटणे या मूळ योजनांत भर घालीत नाहीत. ॲक्सिलरेटरने किती तत्परतेने जाब द्यावा आणि चाक किती घसरू द्यावे, मुख्यतः एवढाच फेरफार ती करतात. बटणावर रेवेचे चित्र आहे म्हणून टायरमधली हवा कोणी आपोआप काढीत नाही.

हवेचा उल्लेख निघाला आहे, तेव्हा माझ्या तरुणपणीची एक फजिती सांगणे प्राप्त आहे, कारण या ग्रंथकर्त्यांचा आणि माझा परिचय तिच्यातूनच झाला. रस्त्यांच्या मोजणीच्या कामावर मी नवखा ओव्हरसियर होतो. ड्रायव्हर रजेवर असल्याने कचेरीची जीप मीच घेऊन निघालो आणि वळसा वाचावा म्हणून तोंडवळीच्या बाजूने पुळणीत घातली. ओल्या पट्ट्यावर ती तीरासारखी गेली. तेवढ्यावर भाळून मी ती वरच्या सुक्या रेवेकडे वळवली आणि शंभर हातांत तिचा वेग विझला. मागची चाके फिरत होती, गाडी हलत नव्हती. तेव्हा कोठे मला पुढच्या दांड्याची आठवण झाली. तो ओढला, लो गियर टाकला आणि सगळा राग ॲक्सिलरेटरवर काढला. परिणाम असा झाला की आतापर्यंत दोन खड्डे होते ते चार झाले, आणि आस रेवेवर टेकून गाडी पोटावर बसली. सुकती संपून भरती लागली होती. जवळच रापणीचे जाळे ओढणारी मंडळी दोन दोरांवर दोन रांगा करून मागे सरत होती. त्यांतला एक तरुण माझ्याकडे पाहून ओरडला, ‘‘मेल्या, गाडी चालवतस काय बाव खणतस?’’

तोच हा आमचा ग्रंथकर्ता. रापण किनाऱ्याला लागेपर्यंत त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग आला, इंजिन बंद करावयास लावले, आणि एक शब्द न बोलता चारही टायरांच्या नळ्यांत काडी खुपसून बसला. टायरचे पोट खाली पसरेपर्यंत हवा फुसफुसत राहिली. नंतर त्याने चाकांपुढची रेव हातांनी सारून लांब उतार केला, त्यावर माडाच्या झावळ्या अंथरल्या, आणि मला बाजूस बसवून लोच्या दुसऱ्या गियरला, ॲक्सिलरेटरला केवळ बोट लावल्यासारखा पाय ठेवून गाडी हलवली. मागे आठ-दहा माणसे होती, पण मला वाटते त्यांनी फारसा जोर लावलाच नाही. गाडी जणू कोणी उचलून ठेवल्यासारखी वर आली. ज्या दांड्याने मी बाव खणली, त्याच दांड्याने ती बाहेर निघाली. फरक होता तो टायरांच्या हवेचा आणि पायाच्या संयमाचा.

त्यामागचे कारण साधे आहे. नेहमी तीस-बत्तीस पौंड हवा असलेले टायर पंधरा-अठरा पौंडांवर आणले की त्यांचा जमिनीवरचा ठसा लांबतो, भार पसरतो आणि चाक रेव खणण्याऐवजी तिच्यावर तरंगते. रेवेत गती राखावी, ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्यावी, थांबायचे तर उताराकडे तोंड करून थांबावे, आणि चाक जागच्या जागी फिरू लागताच पाय काढावा. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरावी, कारण मऊ टायर वेगात तापून फाटतात. आणि घरी आल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. खाऱ्या पाण्याने लोखंडाशी मांडलेला तगादा वर्षानुवर्षे चालतो.

चार चाकी ओढ काय करीत नाही, याचे प्रकरण ग्रंथकर्त्यांनी आखूड लिहिले आहे. माझ्या मते तेच सर्वांत आधी वाचावे. ही ओढ गाडीला थांबवीत नाही. ब्रेक सर्वच मोटारींत चार चाकांना असतात, आणि निसरड्या उतारावर ब्रेक दाबला की थारवाल्याचे व रिक्षावाल्याचे नशीब सारखेच असते. ती पाण्यातही तारत नाही. इंजिन ज्या नळीने श्वास घेते तिच्यापर्यंत पाणी पोहोचले तर दांडा कोठेही असला तरी उपयोग नाही. पाणी दाबले जात नसल्याने आतले दट्टे आणि कांबी मोडतात, म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी चावी फिरवून पुन्हा सुरू करून पाहू नये. व्हाळ ओलांडण्यापूर्वी काठी घेऊन पायी उतरून पाहावे. ज्या पाण्यात माणसाला उभे राहवत नाही, त्यात गाडी घालू नये.

तिसरी मर्यादा कायद्याची आणि त्याहून अधिक सद्बुद्धीची आहे. पुळण ही मोटारींची वहिवाट नव्हे. ती रापणकरांची कामाची जागा आहे. आणि हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री वर येऊन, हातभर खोल खड्डा करून तिथे अंडी घालते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडलेली पिल्ले समुद्राकडे निघतात, तेव्हा टायरने पाडलेली वीतभर खोल चाकोरी त्यांना खंदकाएवढी असते. तिच्यात ती अडकतात, भरकटतात आणि कावळ्यांच्या तोंडी पडतात. किनाऱ्याच्या वरच्या अंगास जांभळ्या फुलांची एक वेल रेव बांधून ठेवीत पसरलेली असते. तिला आपण मर्यादवेल म्हणतो. समुद्राची मर्यादा ती दाखवते, असा या नावाचा अर्थ लावतात. चाकाचीही तीच समजावी. मनाईचा फलक असो वा नसो, केवळ मौजेसाठी पुळणीत गाडी घालणाऱ्याच्या हाती ही पुस्तिका पडू नये, अशी माझी इच्छा आहे, आणि पडलीच तर हे पान त्याने दोनदा वाचावे.

ग्रंथकर्त्यांशी माझे मतभेद नाहीत असे नाही. नव्या गाड्यांतील आपोआप चालणाऱ्या यंत्रणांविषयी त्यांचा स्वर मला अकारण तुच्छतेचा वाटतो. ज्या काळी पुढच्या चाकांची हब गाडीतून उतरून हाताने फिरवावी लागत, त्या काळच्या माणसाला बटणाचा राग येणे स्वाभाविक असले, तरी बटणाने अनेक नवख्यांचे हाल वाचवले आहेत. शिवाय त्यांनी चिखलाचे प्रकरण आधी आणि रेवेचे नंतर घातले आहे. किनाऱ्यावरच्या गावात क्रम उलट शोभला असता. परंतु पुस्तिकेचे भाषिक धोरण मला पूर्ण मान्य आहे. त्यांनी क्रॉसला क्रॉस आणि पाट्याला पाटा म्हटले आहे, पारिभाषिक शब्द घडवून अर्थ पातळ केलेला नाही. गॅरेजातील पोऱ्याला जे समजत नाही ते चालकालाही समजणार नाही, ही त्यांची कसोटी होती.

एका बाबतीत मात्र त्यांनी मला शिकवले, ते सांगून थांबतो. आचऱ्याच्या गावपळणीची ख्याती सर्वत्र आहे. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराच्या कौलाने सारा गाव, गुराढोरांसह आणि कोंबड्या-कुत्र्यांसह, शिवेबाहेर जाऊन तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत राहतो, आणि पुन्हा कौल झाला की परत येऊन नांदू लागतो. एकदा अशाच एका राहुटीत बसलो असता मी त्यांना विचारले की इतक्या वर्षांत तुमच्याकडे मोडून आलेल्या गाड्या बहुधा कशाने मोडल्या होत्या. दांडा न टाकल्यामुळे असे उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, टाकायला विसरला तो रुततो, एवढेच. काढायला विसरला त्याची मोडते. आपण गावाबाहेर पडलो खरे, पण परतीचा कौल आहे म्हणून ही पळण. तो नसता, तर हे निर्वासित होणे झाले असते.

त्यांच्या स्वतःच्या जुन्या जीपमध्ये पुढच्या आसाच्या दांड्याला काथ्याच्या दोरीचा एक फास अडकवलेला असतो. दांडा ओढला की ते तो फास काढून स्टिअरिंगच्या चाकात घालतात. तो हाताला टोचत राहतो, आणि डांबर लागताच दांडा मागे सारून ते फास पुन्हा जागेवर अडकवतात. नव्या गाड्यांत याच कामासाठी काट्यांच्या फळीवर एक लहानसा दिवा असतो, आणि तो न पाहण्याची सवय माणसाला आठ दिवसांत लागते. काथ्या अजून टोचतो आहे.

आचरे,
नारळी पौर्णिमा